जंताचे औषध दिले, तरी ससे का गेले?

शेती व आरोग्याच्या या पानावर गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या आणि माणसांचे ताप यांविषयी लिहिण्याचा रिवाज आहे. सशाविषयी लिहायला घेतले तर काही वडीलधारी मंडळी हसतील, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही लिहितो. कारण गेल्या पावसाळ्यात आमच्या सिकंदराबादच्या घरी सशाची सहा पिल्ले होती आणि श्रावण संपायच्या आत त्यांतली चार गेली. ती रोगाने गेली हे खरे, पण त्या रोगाला आमच्या अज्ञानाचा हातभार लागला.

आमची शेती मराठवाड्यात, बिऱ्हाड इकडे. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हैदराबाद एकाच राज्यात होते, त्यामुळे आमच्यासारखी कितीतरी मराठी घरे इथे आहेत आणि गावाकडचे येणेजाणे सुटलेले नाही. गावाकडून येताना मका, लसूणघास, क्वचित कोंबडीही येते. ससे मात्र शहरातून गावाकडे जातात. मुले बाजारात पाहतात, हट्ट धरतात, नाताळात किंवा वाढदिवसाला एक जोडी घरात येते आणि वर्षभरात पिंजरा अपुरा पडला की काही ससे मामाच्या शेतावर पोचतात. तेव्हा हा प्रश्न शहरातल्या हौशी घरांपुरता राहिलेला नाही. पत्रिका वाचणाऱ्या शेतकरी बंधुभगिनींपैकीही अनेकांच्या अंगणात आज ससा आहे.

आता झालेली हकीकत. पिल्ले दीड महिन्याची, आईपासून नुकतीच तोडलेली. आधी एक पिल्लू खाण्याकडे पाठ करून कोपऱ्यात बसू लागले. पोट टम्म, पण पाठीवरून हात फिरवला तर मणके बोटांना लागत. एरवी गोल आणि कोरड्या असणाऱ्या लेंड्या ओल्या, चिकट होऊन शेपटीखालच्या केसांना लागल्या. घरात सर्वांचे एकमत झाले की जंत झाले. टम्म पोट आणि वाळलेले अंग म्हणजे जंत, हे आपण लहान मुलांवरून शिकलेले गणित. शेजारच्या तेलुगू मावशींनीही मान डोलावली. सशाला त्या कुंदेलु म्हणतात, त्यांच्या माहेरी पूर्वी बरेच होते. आम्ही औषधाच्या दुकानात गेलो, माणसांच्या मुलांचे जंताचे औषध आणले आणि अंदाजाने थेंब थेंब सर्व पिल्लांना पाजले. तीन दिवसांनी फरक दिसेना म्हणून पुन्हा पाजले. आठवड्यात दोन पिल्ले गेली, पुढच्या चार दिवसांत तिसरे. चौथे गेले तेव्हा ते डब्यात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी पोट उघडून दाखवले. काळीज गडद तांबडे असायला हवे. ते सुजून मोठे झाले होते आणि त्यावर ज्वारीच्या दाण्यांसारखे पिवळट-पांढरे ठिपके उठले होते. आतड्यात जंत एकही नव्हता. डॉक्टरांनी त्या ठिपक्यातला द्रव काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि आम्हाला डोळा लावायला सांगितला. लांबट, अंड्याच्या आकाराचे, पातळ कवचाचे शेकडो कण दिसत होते. रोगाचे नाव कॉक्सिडिओसिस. कोंबड्या पाळणाऱ्यांना ते नवे नाही, कारण कोंबडीच्या पिल्लांची रक्ती हगवण ती हीच. फक्त कोंबडीचा परोपजीवी वेगळा आणि सशाचा वेगळा. कोंबडीचा सशाला लागत नाही, सशाचा कोंबडीला लागत नाही आणि सशाचा माणसालाही लागत नाही. हे शेवटचे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण पिल्ले मरू लागल्यावर उरलेले ससे पोत्यात घालून कुठेतरी सोडून द्यावेत, असा सल्ला आम्हाला एकाने दिला होता.

या सगळ्यात आम्ही कुठे चुकलो? आमच्या मते पहिली चूक ‘जंत’ या शब्दात आहे. पोटातला कोणताही परोपजीवी म्हणजे जंत, असे आपण धरून चालतो. जंत हा किडा असतो, डोळ्यांना दिसतो आणि जंताच्या औषधाने मरतो. कॉक्सिडिया हा किडा नव्हेच. तो एकपेशीय जीव आहे आणि आतड्याच्या किंवा पित्तनळीच्या पेशीत शिरून तिथेच वाढतो. जंताचे औषध त्याला काहीही करीत नाही. उलट अल्बेंडॅझोलसारख्या औषधांनी सशांची रक्त तयार करणारी अस्थिमज्जा बिघडल्याची उदाहरणे पशुवैद्यांनी नोंदवलेली आहेत. म्हणजे रोगावर औषध झाले नाहीच, पण आधीच खंगलेल्या पिल्लांच्या अंगावर आम्ही आणखी एक ओझे घातले.

या ठिकाणी आमच्या गावाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बेगमपेटेत, जुन्या विमानतळाजवळ, रोनाल्ड रॉस यांनी काम केलेली इमारत आजही उभी आहे आणि ती उस्मानिया विद्यापीठाकडे आहे. रॉस हे इथल्या फौजेचे डॉक्टर. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात सापडतो का, हे शोधायला ते १८९५ मध्ये बसले आणि जवळजवळ दोन वर्षे भलत्याच जातींचे डास चिरत राहिले. पद्धत बरोबर होती, पण डास चुकीचा होता. हुसेन खान नावाच्या रोग्याला एका डासामागे एक आणा देऊन ते डासांना चावू देत. उकाड्यात पंखा लावायची सोय नव्हती, कारण चिरलेले डास उडून जात. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना तो जीव दिसला. १९०२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

सशाच्या लेखात हिवताप कशाला, असे कोणी म्हणेल. सशाच्या काळजातला कॉक्सिडिया आणि हिवतापाचा जंतू हे एकाच मोठ्या कुळातले आहेत. दोघेही पेशीत शिरून वाढतात आणि दोघेही डोळ्यांना दिसत नाहीत. किंबहुना या कुळातला जीव माणसाने प्रथम पाहिला तो सशातच, असे मानतात. हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक यांनी १६७४ साली सशाच्या पित्ताचा थेंब आपल्या भिंगाखाली धरला आणि त्यात अंडाकृती कण पाहिल्याचे लिहून ठेवले. पुढे ते कण याच रोगाचे असावेत असे ठरले. साडेतीनशे वर्षांपूर्वी भिंगाखाली दिसलेली गोष्ट आम्ही, रॉस यांच्या गावात राहून, अंदाजाने जंत ठरवली. असो.

रोग कसा पसरतो हे एकदा समजले की अर्धे काम होते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. आजारी सशाच्या लेंडीतून या जीवाचे बीजकोष बाहेर पडतात. बाहेर पडल्या क्षणी ते रोग लावू शकत नाहीत. ऊब, ओल आणि हवा मिळाली तर साधारण दोन-तीन दिवसांत ते आत पिकतात, दमट उन्हाळी हवेत काही जातींचे त्याहूनही लवकर. पिकलेला कोष दुसऱ्या सशाच्या पोटात गेला की नवे चक्र सुरू होते. म्हणून रोज सकाळी लेंड्या काढून टाकल्या तर कोष पिकण्याआधीच पिंजऱ्याबाहेर जातात. आठवड्यातून एकदा पिंजरा लख्ख धुणाऱ्यापेक्षा रोज पाच मिनिटे झाडणारा या रोगाला अधिक आवर घालतो. आम्ही रविवारी मिस्साहून आल्यावर दुपारी पिंजरा धूत होतो, तोही फिनेल टाकून. फिनेलचा या कोषांवर फारसा परिणाम होत नाही. शिवाय पाण्याने ओल राहिली ती वेगळीच. कोषांना मारते ते उकळते पाणी आणि कडक ऊन. पिंजरा घासून, उकळते पाणी ओतून, उन्हात खडखडीत वाळवून मगच ससा आत सोडावा.

काहींना एक शंका येईल. ससा तर स्वतःची लेंडी खातो, मग स्वच्छतेचा काय उपयोग? ससा रात्री-पहाटे एक मऊ, चकचकीत लेंडी थेट गुदद्वाराशीच तोंड लावून खातो, हे खरे आहे. ती त्याच्या पचनाची रीत आहे, तिच्यातून त्याला जीवनसत्त्वे मिळतात आणि ती त्याला खाऊ द्यावी. ती ताजी असल्यामुळे तिच्यातून हा रोग लागत नाही. रोग लागतो तो पिंजऱ्याच्या तळाशी पडलेल्या जुन्या लेंडीतून, लेंडीत पडलेला चारा खाल्ल्याने आणि घाणेरड्या पाण्याच्या वाडग्यातून. तेव्हा चारा जमिनीवर न टाकता जाळीच्या गव्हाणीत अडकवावा आणि पाण्याचे भांडे उंचावर बांधावे. पिंजऱ्याला तळाशी जाळी असली तर लेंड्या खाली पडून जातात. पण पूर्ण जाळीवर सशाचे तळपाय सोलतात, म्हणून बसायला एक फळी हवीच.

मोठे ससे हा रोग अंगात बाळगूनही धडधाकट दिसतात. आमची मादी अगदी तुकतुकीत होती आणि पिल्लांना रोग तिच्याकडूनच गेला. खरा धोका महिन्या-दीड महिन्यापासून तीन-चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना. आईचे दूध तुटते, चारा बदलतो, जागा अपुरी पडते आणि त्यात पावसाळा. लक्षणे आम्ही वर सांगितलीच. पण पोट फुगून पिल्लू कोपऱ्यात बसले म्हणजे बराच उशीर झालेला असतो. सर्वांत आधी कळते ते वजनावरून. या वयाचे पिल्लू आठवड्याला भरायलाच हवे. आठवडाभर वजन जागच्या जागी राहिले, तर बाकी सर्व ठीक दिसत असले तरी लेंडी तपासून घ्यावी.

तपासणी कशी होते तेही सांगतो, म्हणजे कोणी भिणार नाही. सकाळच्या ताज्या, पाच-दहा लेंड्या स्वच्छ कोरड्या बाटलीत घालायच्या. प्रयोगशाळेत त्या मिठाच्या दाट पाण्यात कुस्करतात, गाळतात आणि पंधरा-वीस मिनिटे ठेवतात. कोष हलके असल्याने वर तरंगतात. वरचा थर काचेला चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एवढेच. सिकंदराबाद-हैदराबादकडच्यांना नारायणगुड्याचा जनावरांचा मोठा सरकारी दवाखाना आहे, राजेंद्रनगरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मराठवाड्यातल्या वाचकांना परभणी आणि उदगीर इथली महाविद्यालये आहेत. दोन-चार घरांनी मिळून बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून एकाच्या हाती पाठवल्या तर खेपही वाचते. मोठ्या धडधाकट सशात थोडे कोष सापडले तर घाबरू नये. किती सापडले आणि जनावर कसे आहे, हे दोन्ही मिळून डॉक्टर ठरवतात.

औषधे आहेत आणि लवकर दिली तर गुणही येतो. सल्फा गटातली औषधे जुनी आणि आजही वापरली जातात. टॉल्ट्राझुरिल हे त्यानंतरचे. ऍम्प्रोलियम कोंबड्यांसाठी अनेकांच्या घरात असते. कोणते, किती आणि किती दिवस, हे वजनावर आणि प्रकारावर ठरते, म्हणून आम्ही इथे मात्रा देत नाही. एक व्यवहाराची गोष्ट मात्र सांगतो. पाण्यात मिसळून दिलेले औषध पाणी पिणाऱ्या सशालाच मिळते. ज्याने पाणी सोडले आहे त्याला ते पाजावे लागते. शिवाय ही औषधे रोगाची वाढ रोखतात, बाकीचे काम जनावराच्या अंगच्या शक्तीने होते. तेव्हा तोंडापुढे चांगले वाळलेले गवत आणि पाणी हवेच. बारा तास काहीही न खाल्लेला ससा ही तातडीची बाब समजावी, कारण त्याचे आतडे थांबले की तो परोपजीवीची वाट न पाहताच मरतो. जे लोक मांसासाठी ससे पाळतात त्यांनी औषध दिल्यापासून किती दिवस मांस खाऊ नये, हे डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

कोंबड्यांचे तयार खाद्य सशाला घालण्याची सवय गावाकडे दिसते. ती सोडावी. त्या खाद्यात कॉक्सिडियाविरुद्ध मिसळलेली काही औषधे कोंबडीला मानवतात आणि सशाला विषारी ठरतात.

आता खरजेकडे वळू. इथे अंदाजपंचे औषध देण्याची तऱ्हा आणखी जोरात चालते. सशाची खरूज दोन ठिकाणी पाहावी. कानाच्या आत तपकिरी-पिवळ्या खपल्यांचे थर साचतात, ससा डोके झटकतो, मागच्या पायाने कान ओरबाडतो, एक कान लोंबू लागतो. दुसरी खरूज नाकाच्या शेंड्यावर, ओठांवर आणि पंजांवर पांढरट-करड्या खपल्या धरते. दोन्ही अतिसूक्ष्म किड्यांच्या, पण वेगवेगळ्या. कानातल्या खपल्या ओढून काढू नयेत. खाली कच्चे मांस असते आणि जनावराला मरणाच्या वेदना होतात. किडे मेले की खपल्या आपोआप गळतात. घासलेट, पेट्रोल, गाडीचे जळके तेल लावणारे आम्ही पाहिले आहेत. ससा मांजरासारखा अंग चाटतो, त्यामुळे जे कातडीवर लावले ते पोटात गेलेच म्हणून समजा. करंजाचे तेल खपली मऊ करते, पण तेवढ्यावर थांबू नये. नाकापंजांची खरूज हाताळणाऱ्याच्या मनगटावर थोडे दिवस खाज आणू शकते, म्हणून मुलांना तोवर दूर ठेवावे.

खरजेवर आयव्हरमेक्टिन चांगले लागू पडते. या औषधाबद्दल कॅम्बेल आणि ओमुरा या शास्त्रज्ञांना २०१५ साली नोबेल मिळाले. ओमुरांनी ते जपानातल्या मातीतल्या जंतूत शोधले. शेतकऱ्यांच्या घरी ते गुरांसाठी बाटलीत असतेच आणि धोका नेमका तिथेच आहे. गुरांचे एक टक्क्याचे इंजेक्शन ५० किलो वजनाला १ मिलिलिटर देतात. त्या हिशेबाने २ किलोच्या सशाला होते मिलिलिटरचा पंचविसावा भाग. बैलाच्या सिरिंजमध्ये तेवढे औषध दिसतसुद्धा नाही. सशाला पशुवैद्य याहून थोडे अधिक, क्वचित दुपटीपर्यंत देतात आणि १०–१४ दिवसांनी पुन्हा देतात, कारण अंडी औषधाने मरत नाहीत आणि त्यांतून निघणाऱ्या किड्यांना दुसऱ्या खेपेला गाठावे लागते. पण ‘जरासे’ म्हणून अर्धी सिरिंज टोचली तर ती दहापटीहून अधिक होते. म्हणून हे काम डॉक्टरांच्या हातून, बारीक सिरिंजने करावे.

शहरी वाचकांसाठी दोन इशारे, अगदी ठळक. कुत्र्याच्या मानेवर टाकतात ते फिप्रोनिलचे पिसवांचे औषध सशावर टाकू नये, त्याने ससे दगावले आहेत. आणि घरातली अमॉक्सिसिलिनची उरलेली गोळी किंवा पेनिसिलिन गटातले कोणतेही औषध सशाला तोंडावाटे देऊ नये. त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि ससा हगवणीने जातो.

बाकीचे थोडक्यात. सशाला खराखुरा जंतही होतो. गुदद्वाराशी बारीक पांढरा दोऱ्यासारखा दिसतो, बहुधा निरुपद्रवी असतो आणि माणसाच्या मुलांना लागत नाही. मुलांना होणारे कृमी माणसांकडूनच येतात, तेव्हा ससा विनाकारण दोषी ठरवू नये. कुत्र्याच्या विष्ठेने घाण झालेले गवत खाल्ल्याने सशाच्या पोटात पट्टकृमीच्या पाण्याने भरलेल्या गाठी द्राक्षांच्या घोसासारख्या धरतात. म्हणून कुत्री फिरतात त्या बांधावरचे गवत कापू नये आणि मारलेल्या सशाची आतडी कुत्र्याला घालू नयेत. मान वाकडी करून ससा गोल फिरू लागला तर कानाचा आतला रोग किंवा मेंदूत शिरलेला एक सूक्ष्मजीव, दोन्ही शक्य असतात. हा सूक्ष्मजीव मुख्यतः मूत्रातून पसरतो. जालना-बीडकडे रेशीमकोष काढणाऱ्यांना पेब्रिन माहीत आहे, हा त्याचाच भाऊबंद. त्यावर फेनबेंडॅझोल चार आठवडे रोज द्यावे लागते. घरात कर्करोगाचे उपचार चालू असलेले किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असलेले कोणी असेल तर त्यांनी अशा सशाचा पिंजरा साफ करू नये. पावसाळ्यात मागचा भाग ओला राहिलेल्या सशाला माशा बसून अळ्या पडतात. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. आणि शेतात सापडलेले रानसशाचे पिल्लू घरी आणू नये. तो वेगळा प्राणी आहे, पिंजऱ्यात जगत नाही आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

आता आमच्या मताशी ज्यांचे पटणार नाही त्यांच्याविषयी. ते म्हणतात, सशाच्या किमतीपेक्षा डॉक्टरांची फी आणि रिक्षाचे भाडे जास्त. मेला तर दुसरा आणू. हे बोलणे कठोर वाटले तरी शेतकऱ्याच्या तोंडी ते आम्ही समजू शकतो, कारण आजारी जनावरावर पैसा घालताना त्याला शंभरदा विचार करावा लागतो. पण हिशेब म्हणूनसुद्धा तो चुकतो. दुसरा ससा त्याच पिंजऱ्यात येतो, त्या पिंजऱ्यात पिकलेले कोष महिनोन्महिने टिकून असतात आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याचेही पोट फुगते. आमच्या ओळखीच्या एका घरी अशी तीन पिल्ले एकामागून एक गेली आणि दर वेळी ‘शहरातली हवा मानवली नाही’ असे म्हटले गेले. एका तपासणीचा खर्च त्या तिघांच्या किमतीहून कमीच भरला असता. गावाकडे तर एका मादीखाली वर्षाला अनेक पिल्ले येतात. तिथे निदान चुकले तर नुकसान एका सशावर थांबत नाही.

शिवाय मुले पाहत असतात. आमची धाकटी चौथे पिल्लू डब्यातून डॉक्टरांकडे नेताना बरोबर आली होती. परतताना तिने एवढेच विचारले की आधीच का आणले नाही. आमच्याकडे उत्तर नव्हते. दुकानदाराने दिले ते पाजले, असे सांगणे बरे दिसले नसते.

उरलेल्या दोन पिल्लांना डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे औषध पाजले, मधे काही दिवस खंड ठेवून पुन्हा पाजले. मादीला वेगळ्या पिंजऱ्यात हलवले. जुना पिंजरा उकळत्या पाण्याने धुऊन गच्चीवर उन्हात ठेवायचा होता, पण ऊन पडायलाच आठ दिवस लागले. तोवर पिल्ले लाकडी खोक्यात होती आणि खोक्यातले कागद रोज दोनदा बदलत होतो. दोन्ही जगली. एक अजूनही दुसऱ्यापेक्षा लहान दिसते, काळजावर व्रण राहिले असावेत.

धाकटीने आता एक वही केली आहे. दर सोमवारी शाळेत जाण्याआधी ती भाजीच्या काट्यावर दोघांचे वजन करते आणि तारखेपुढे लिहिते. या सोमवारी लहानग्याचे वजन ४० ग्रॅम उतरलेले निघाले. खाणे चालू आहे, लेंड्याही कोरड्या आहेत. तरी बाटली भरून ठेवली आहे, उद्या सकाळच्या बसने घेऊन जातो.